रवंथ गेलेली गाय

१९ मे १९८६, सोमवार, सकाळ. आमच्या गोठ्यात हजर: माय; धाकटी बहीण; लोहाऱ्याहून आलेले जनावरांचे डॉक्टर; शेजारचे तात्या, जे कुठल्याही गोठ्यात न बोलावता हजर असतात; आणि मी, गावच्या दूध संस्थेचा सचिव. गैरहजर: माझी बायको आणि मुलं. ती माहेरी होती, कारण तिकडच्या विहिरीला अजून पाणी होतं. गाय मधोमध उभी होती. गव्हाणीत कडबा होता आणि तिचं तोंड हलत नव्हतं.

तारीख, हजर, मग विषय, अशी सुरुवात करायची सवय मला संस्थेच्या सभांनी लावली. त्या दिवशी विषय एकच होता. गाईचा रवंथ परत आला तर बहीण आमच्याकडे राहणार होती. नाही आला तर तिला सासरी, ईटला, परत जावं लागणार होतं.

बहिणीचं सांगतो. ईट जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या गावाहून जीपनं लोहारा गाठायचं आणि पुढं एसटी बदलत बदलत दिवस घालवायचा. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा नवऱ्यानं दुसरी बायको केली. बहीण भांडली नाही. पेटी उचलली आणि निघून आली. माय दारात म्हणाली, "आलीस ते बरं केलंस. पर गावाला काय सांगू?"

"सांग, गाय राखायला आली."

तेव्हा आमच्याकडे गाय नव्हती. मग खरंच आली. संस्थेनं संकरित गायी आणवल्या होत्या. एक बहिणीनं स्वतःच्या नावावर घेतली आणि ती संस्थेची सभासद झाली. गाय तांबडी होती, अंगानं थोराड, कपाळावर पांढरा चट्टा. आमचं ऊन तिला सोसायचं नाही. बहीण तिच्या पाठीवर ओलं गोणपाट घालायची. त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी घरटी मोजून मिळायचं. बहीण एक दिवसाआड अंघोळ करायची आणि ती बादली गाईला पाजायची.

सकाळ-संध्याकाळ ती चरवी घेऊन संस्थेच्या रांगेत यायची. गावात तिला 'टाकलेली' म्हणणारे होते, पण रांगेत कुणी म्हणत नव्हतं. तिथं तिचं दूध सगळ्यांत घट्ट होतं. तीही मला तिथं दादा म्हणायची नाही. "सचिवसाहेब, माप नीट बघा," म्हणायची आणि पदराआड हसायची. इतकं हसताना मी तिला लग्नाआधी पाहिलं होतं, त्यानंतर तिथंच.

मायची एक अट होती, आणि ती तिनं पहिल्याच दिवशी सांगितली होती. "गाय उभी हाय तवर खुशाल ऱ्हा. भावजयीच्या ताटात हात घालून ऱ्हायचं न्हाय." ऐकायला कठोर वाटतं. पण मायनं स्वतःची एक आत्या माहेरच्या ओसरीवर, सगळ्यांचं ऐकून घेत म्हातारी होताना पाहिली होती. लेकीचं तसं होऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. बहिणीलाही अट पटली होती. ईटहून निरोप यायचे: दुसरीला दिवस गेलेत, घरात हात पाहिजेत, पावसाच्या आत या. ती सांगून पाठवायची, गाय दुभती हाय तवर जमायचं न्हाय.

आता रोगाकडं येतो. सुरुवात दगडीनं झाली. दगडी म्हणजे कासेचा रोग. एखादा सड सुजतो, कास दगडासारखी टणक होते, दुधात गुठळ्या येतात. संस्था आल्यापासून गावात दुभती जनावरं वाढली, तशी दगडीही वाढली, आणि तिच्यावरचं इंजेक्शनही घराघराच्या ओळखीचं झालं. त्याची गावची एक रीत पडली होती. पहिल्या सुईला दूध पांढरं दिसलं की पुढच्या सुया टोचायच्या नाहीत. कशाला, गाय तर बरी झाली. उरलेलं औषध कोनाड्यात ठेवायचं, शेजाऱ्याच्या गाईला उपयोगी पडतं. वाटीभर साखर मागावी तशी बायका एकमेकींकडं अर्धी बाटली उसनी मागायच्या. सगळ्या गावानं मिळून ते औषध असं थेंबाथेंबानं वापरलं होतं.

आमच्या गाईला दगडी झाली तेव्हा डॉक्टरांनी तीच सुई पूर्ण दिली, रोज येऊन, स्वतःच्या हातानं. कास तशीच राहिली.

"या गावच्या जंतूंना हे औषध पाठ झालंय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांना थोडं थोडं चाखवून पोसलंय. पैलवानाला खुराक द्यावा तसं."

तात्या म्हणाले, "मग दुसरा पैलवान आणा की, सायेब."

"आणतो. पण तो मोठा आहे. एकदा आखाड्यात उतरला की आपला कोण, परका कोण, बघत नाही."

दुसरा पैलवान म्हणजे मोठाल्या पांढऱ्या गोळ्या, पेढ्याएवढ्या. गुळात घालून त्या गाईच्या घशात सारायच्या. बहिणीनं एकही चुकवली नाही. आठवड्याच्या आत कास मऊ पडली, धार पांढरी झाली. औषधाचं दूध संस्थेत घालायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती रोज ते दारातल्या लिंबाच्या मुळाशी ओतायची आणि म्हणायची, "हे झाड तरी माझ्या गाईचं दूध पिऊन वाढू दे."

मग गाईनं चारा सोडला. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना सांगायला नको, गोठ्यात एक आवाज असतो. दुपारी सगळं शांत झालं की जनावरं बसून रवंथ करतात आणि तो सावकाश चरचर आवाज घरात ऐकू येतो. तो बंद झाला. पहिल्यांदा मायच्या ध्यानात आलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "गोठा मुका का झाला?"

म्हणून त्या सोमवारी डॉक्टर परत आले. त्यांनी गाईच्या डाव्या कुशीत मूठ रोवली आणि डोळे मिटून बराच वेळ थांबले. निरोगी जनावराचं पोट तिथं मुठीखाली लाटेसारखं हलतं.

"काहीच हलत नाही," ते म्हणाले. "आपण म्हणतो गाय कडबा खाते. खरं म्हणजे कडबा खातात ते तिच्या पोटातले जीव. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांनी पचवलं तर तिला मिळतं. गोळ्यांनी कासेतले जंतू मारले आणि त्यांच्याबरोबर हेही मारले. आता ही भरल्या गव्हाणीपुढं उपाशी मरेल."

"मग त्यावर औषध द्या," बहीण म्हणाली.

"औषधाला मारता येतं, बाई. पेरता येत नाही. दुसऱ्या चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथ काढा आणि हिच्या पोटात घाला. विरजण लावतो तसं."

माय म्हणाली, "हे मला म्हाईत हाय. माझा बाप करायचा." आणि तिनं सगळं सांगितलं. जनावर निवांत रवंथ करत असताना त्याच्या गळ्यावर नजर ठेवायची. गोळा वर चढताना दिसतो. तो तोंडात आला की जीभ बाजूला धरून हात आत घालायचा आणि गोळा काढायचा. ओल्या फडक्यात गुंडाळायचा, ऊब जाऊ द्यायची नाही. कोमट पाण्यात थोडा गूळ घालून त्यात कालवायचा आणि बांबूच्या नळ्यानं पाजायचा. डॉक्टर मान डोलवत ऐकत होते. त्यांनी फक्त एक गोष्ट वर घातली.

"जनावर कडब्यावरचं पाहिजे. ही कडबा खाते. उसावरच्या जनावराच्या पोटातले जीव वेगळे. ते कडब्यापुढं बसून राहतील."

"व्याही रसावर वाढलेला, आन् त्याच्यापुढं भाकर ठेवल्यागत," तात्या म्हणाले.

डॉक्टर हसले. निघताना पेटी बंद करत मला म्हणाले, "सचिव, माझ्या मनात कधी कधी येतं. पोटात पेरता येतं तसं कासेतही काही चांगलं पेरता आलं तर? दाट पेरलेल्या रानात तणाला जागा मिळत नाही. मग ही सुयांची कुस्ती कशाला? पण ते आम्हाला अजून कुणी शिकवलेलं नाही." मग मोटरसायकलला किक मारून ते पुढच्या गावाला गेले.

कडब्यावरचं जनावर कुठं होतं, याची मी मनातल्या मनात गल्लीगल्लीनं उजळणी केली. त्या दुष्काळात गावची जवळजवळ सगळी गुरं छावणीत होती, आणि छावणीत कारखान्याकडून आलेला ऊस आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हाच चारा होता. गावात उरलेल्यांत कडबा होता तो आमच्याकडं, बहिणीनं गाईसाठी जपलेला, आणि दुसरा गुरुजींकडं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतले शिक्षक. बौद्धवाड्यात त्यांचं घर. त्यांची सासुरवाडी तामलवाडीला, तिथून त्यांनी दिवाळीतच कडब्याची गाडी आणून गंज रचून ठेवली होती. त्यांची बैलजोडी सावलीत बसून रवंथ करताना मी येता-जाता बघत होतो.

मी तसं सांगितलं. तात्यांना एकाएकी घरचं काम आठवलं आणि ते गेले.

"त्यांच्या बैलाचं न्हाय," माय म्हणाली.

"का?"

"उष्टं हाय ते."

"कुठल्याही बैलाचं घेतलं तरी उष्टंच असणार, माय."

"माझ्या तोंडून वदवून घेऊ नको. गाय हाय ती. तिच्या तोंडात त्या आळीतलं उष्टं मी जाऊ देणार न्हाय."

"रोज कॅनमध्ये गुरुजींच्या घरचं दूध आपल्या दुधात पडतंय. मी माझ्या हातानं ओततो."

"दूध तापवत्यात," माय म्हणाली. "उष्टं तापवत्यात व्हय?"

तापवलेला रवंथ कामाचा नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. जिवंत असतं म्हणूनच ते उष्टं होतं, आणि जिवंत होतं म्हणूनच ते हवं होतं.

बहीण गाईच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिनं विचारलं, "मग कुणाचं चालंल?"

"माझ्या भावाचा बैल हाय की छावणीत."

"मामाचा बैल ऊस खातोय, माय. डॉक्टर आताच सांगून गेले."

"बैल तो बैल. माझ्या बापाच्या घरचा हाय. माझ्या बापानं कडबा का ऊस असं कधी इचारलं न्हाय, आन् त्याच्या हातनं एक जनावर गेलं न्हाय."

तिच्या बापाच्या काळात आमच्या भागात जनावरांना ऊस कुणी घातला होता? पण वादात संध्याकाळ गेली असती. बहिणीनं मायच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ज्या घरात राहायचं होतं ते घर मायचं होतं. मी सायकल काढली.

छावणी तलावाच्या कोरड्या पोटात होती. मामानं बैलाची वेसण धरली. म्हणाला, "दाढेत बोट सापडलं तर संस्थेचा हिशोब डाव्या हातानं लिहावा लागंल, भाच्या." बोट वाचलं, गोळा निघाला. पांढरट, चोथ्यासारखा, हलका. गुऱ्हाळाचा वास येत होता त्याला. मी तो भिजल्या फडक्यात घेऊन दिवस मावळायच्या आत घरी आणला. मायनं पाणी कोमट करून ठेवलं होतं. गाईला हळद-कुंकू लावलं, हात जोडले, आणि पाजलं.

सकाळी गाईची कूस फुगली होती. हलवलं की आत पाणी डुचमळावं तसा आवाज यायचा, आणि तोंडाला आंबूस वास. संस्थेचे कॅन नेणारा टेम्पो लोहाऱ्याला जायचा, त्याच्या ड्रायव्हरबरोबर मी डॉक्टरांना निरोप धाडला. दुपारी तो उत्तर घेऊन आला.

"डॉक्टर म्हणले, म्या कडबा म्हणलो व्हतो. उद्या येतो म्हणले. मधी अजून काय तरी बोलले, ते बायामाणसांत सांगता येत न्हाय."

बहीण उठली. दोरीवरचं फडकं घेऊन माठाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात भिजवलं.

"कुठं निघालीस?" माय म्हणाली.

"गुरुजींकडं."

"अगं, जरा..."

"माय, तू म्हणली व्हतीस, गाय उभी हाय तवर ऱ्हा. ती बसली." एवढं बोलून ती उन्हात गेली. मी मागोमाग निघालो.

गुरुजींच्या अंगणात बैल लिंबाखाली बसलेले होते. शाळेला सुट्टी होती. गुरुजी बाजेवर पेपर वाचत होते. त्यांची बायको रेशनचे गहू पाखडत होती. आम्हाला बघून सूप थांबलं, पण ती उठली नाही.

"काल येणार व्हता न्हवं?" ती म्हणाली. "डॉक्टर जाता जाता हितं थांबले व्हते. बैलाची जीभ बघून गेले. म्हणले, मागायला येतील, बैल कामाला नेऊ नका. आमी दिवसभर बांधून ठेवला. कुणी आलं न्हाय."

गुरुजींच्या बायकोनं सूप खाली ठेवलं.

"आमच्या घरात दही तुमच्याच विरजणानं लागत आलंय. माझ्या सासूच्या वक्तापासनं. तुमची माय तांब्या वर धरून ताक वतायची, त्याच ताकाचं. ते न्हाय का उष्टं? का उष्टं वरनं खाली येताना उष्टं नसतंय, आन् खालनं वर जाताना असतंय?"

"बोला, वहिनी," बहीण म्हणाली. "म्या सगळं ऐकते. पर तेवढा बैल धरू द्या."

गुरुजींनी पेपरची घडी केली. "बोलायला वर्ष पडलंय," ते बायकोला म्हणाले आणि बैलाकडं गेले. वेसण धरून त्यांनी मान थोडी वर केली. मी पुढं झालो, पण बहिणीनं मला बाजूला सारलं. बांगड्या कोपरावर चढवल्या आणि गळ्याकडं बघत राहिली. गोळा वर चढला. तिचा हात गेला आणि आला. मुठीत हिरवट-पिवळा, गरम, भिजल्या कडब्याचा गोळा होता, त्यातून वाफ निघाल्यासारखी वाटत होती. तिनं असे आणखी काढले. बैलानं एकदा नुसतं नाक फुरकावलं. गुरुजींच्या बायकोनं आतून पातेलं आणून दिलं, वर दुसरं ओलं फडकं टाकलं. तोंड अजून वाकडंच होतं तिचं. म्हणाली, "पळ. सावलीसावलीनं जा."

माय गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं पातेल्याकडं पाहिलं आणि मग लेकीकडं. बाजूला सरली. बहीण गाईजवळ बसली, एका हातानं जबडा उघडू पाहत होती, दुसऱ्या हातात नळा. जमेना. मी खाली बसणार तेवढ्यात माय म्हणाली, "तुला न्हाय यायचं ते," आणि तिनं स्वतः गाईचं डोकं मांडीवर घेतलं, जिभेच्या मुळाशी बोटं घालून जबडा फाकवला. ते हिरवट पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिनं हात पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं हाक मारली. मी गेलो तेव्हा गाय बसलेलीच होती, पण तिचा जबडा हलत होता. आडवा, सावकाश. थांबायचा, पुन्हा हलायचा. मायनं तिच्या गळ्याला हात लावला, गोळा वर चढताना बोटांना कळला. "चढला गं," ती म्हणाली. बहीण मातीत बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. थोडा वेळ आमच्या गोठ्यात तो आवाज होता. त्या सगळ्या दिवसांतलं मला काय ठेवायचं असं कुणी विचारलं तर मी तेवढा वेळ ठेवीन.

उन्हं तापली तशी गाईनं मान जमिनीवर टाकली. पाय ताणले. बहीण तिच्या कानात काहीतरी बोलत होती, काय ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी कुशीवर हात ठेवला आणि काढला. म्हणाले, "गुरुजींच्या बैलाचे जीव धरले होते. पण उसानं आंबलेलं पोट जड पडलं." मायनं विचारलं, "परवाच दिलं असतं तर?" डॉक्टर पेटीची कडी लावत राहिले. मायनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पूर्वी मेलेलं जनावर ओढून नेणं हे काम गावानं बौद्धवाड्यावर लादलेलं होतं. छप्पन सालानंतर त्यांनी ते सोडलं, योग्यच केलं. तेव्हापासून ज्याचं जनावर त्यानं वाट लावायची. मी, मामा आणि तात्या आमच्या पडीक तुकड्यात खड्डा खणायला लागलो. जमीन अशी वाळलेली की पहारीतून ठिणगी उडायची. दुपारी उशिरा गुरुजी बनियनवर, खांद्यावर पहार घेऊन आले.

"ओढायला आलो नाही," ते म्हणाले. "खणायला आलोय."

त्यांनी आमच्याबरोबर खड्डा पुरा होईपर्यंत खणलं. मायनं पाणी आणलं. मला दिलं, मामाला दिलं, तात्यांना दिलं. गुरुजींपुढं तांब्या जमिनीवर ठेवला. हातात द्यायचं तिला तेव्हाही सुचलं नाही. गुरुजींनी तो मातीतून उचलला, पाणी प्याले आणि पुन्हा पहार घेतली.

बहीण त्याच आठवड्यात निघाली. तिची पेटी मायनं भरली, मग रिकामी केली, मग पुन्हा भरली. शेवटी पेटीवर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हा की गं."

"कशावर, माय?"

"असंच. माझ्यावर."

बहिणीनं मायचा हात पेटीवरून बाजूला केला. मग म्हणाली, "तुझी अट चांगली व्हती. मी तिच्यावर उभी व्हते. आता तिच्याबिगर ऱ्हायले तर तुझ्या आत्यावानी ऱ्हाईन." रागानं बोलली असती तर मायला सोपं गेलं असतं. ती पोरीची समजूत काढावी तशी बोलत होती.

जीपपाशी मी पेटी वर चढवली. ती मागच्या बाकावर, दोन बायकांच्या मध्ये दाटीवाटीनं बसली. मला म्हणाली, "दादा, पंचमीला न्यायला येऊ नको. दावणीला गाय असली तं ये." मग जीप भरायला अजून माणसं हवी होती म्हणून ती तशीच उभी राहिली, आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो. शेवटी ड्रायव्हरनं दोघांना टपावर बसवलं आणि गाडी काढली.

त्यानंतर जी कामं करता येण्यासारखी होती ती मी केली. सभा घेतली. डॉक्टरांना बोलावून सगळ्यांपुढं समजावून सांगायला लावलं, आणि ठराव केला की दगडीची सुई सुरू केली तर पुरी करायची, उरलेलं औषध उसनं द्यायचं नाही. निम्मे लोक पाळतात. दुष्काळात गावातली एक तरी जोडी संस्थेच्या खर्चानं कडब्यावर ठेवायची, रवंथ लागेल तेव्हा कुणालाही मिळेल, असं ठरवलं. गुरुजींची जोडी ठरली. कुणाच्या जनावरानं रवंथ सोडला आणि ते लोक आमच्या दारी विचारायला आले, की माय मला बोलू देत नाही. स्वतःच सांगते, "गुरुजींकडं जा. आजच जा. उद्यावर टाकू नका." मग आत जाऊन बसते.

आता १९८९ चा श्रावण आहे. मधे पाऊस बरा झाला. गुरुजींच्या घरची एक कालवड मी घेतली, ती यंदा व्याली. दावणीला गाय आहे. बहिणीनं घातलेली अट पुरी झाली आहे. माय रोज सकाळी विचारते, "ईटला कधी जातोस?"

मी गेल्या वर्षी भूमला कामाला गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून ईटला जाऊन आलो होतो. बहीण दारात पाटीत शेण कालवत होती. सवतीचं पोरगं तिच्या पाठीला लोंबकळत होतं. ती हातानं शेण थापत होती आणि पाठ हलवून त्याला झोके देत होती. मला बघून उठली, तसं ते रडायला लागलं आणि तिला "माय" म्हणालं. तिनं त्याला कडेवर घेतलं, मला पाणी दिलं, आपली माय कशी आहे विचारलं. गाईचं मी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही. पोराची आई आतून बघत होती. मी निघालो तेव्हा बहीण वेशीपर्यंत आली, पोरगं तसंच कडेवर, तिच्या गळ्यात हात टाकून झोपलेलं.

पंचमी चार दिवसांवर आली आहे. लोहाऱ्याची जीप सकाळी सातला सुटते. मायनं करंज्या करून डब्यात भरून ठेवल्या आहेत, नव्या गोणपाटाला दोरी लावली आहे. माझी इतर कामं उरकली आहेत: खताचं झालं, संस्थेची वार्षिक सभा झाली, मुलांच्या शाळेचं झालं. ईटला जायचं राहिलं आहे.